वारसा कुणी द्यायचा?

पावसाळ्यातील एका संध्याकाळी आम्हांला एका घरून तातडीचे बोलावणे आले. घरातील आजी अखेरच्या घटका मोजीत होत्या. पवित्र तेल आणि ख्रिस्तशरीर घेऊन आम्ही पोहोचलो, तेव्हा ओटीवर शेजारीपाजारी जमले होते आणि आतल्या खोलीत मुले, सुना, नातवंडे खाटेभोवती उभी होती. संस्कार आटोपल्यावर आजींनी क्षीण आवाजात एकच इच्छा सांगितली : "जपमाळ म्हणा." थोरल्या मुलाने सुरुवात केली. एकेक रहस्य एकेकाने चालवावे, ही त्या घरची जुनी रीत. चार रहस्ये झाली. पाचवे थोरल्या नातवाच्या वाट्याला आले. मुलगा चौदा वर्षांचा. त्याने माळ हातात घेतली आणि तो गप्प उभा राहिला. आईने खुणावले. तेव्हा खाली मान घालून त्याने इंग्रजीतून 'हेल मेरी' सुरू केले. खाटेभोवतीच्या वृद्ध स्त्रियांना त्याचा उत्तरार्ध म्हणता येईना. दोन मणी कसेबसे पुढे सरकले. आजींनी डोळे उघडून नातवाकडे पाहिले. इतका वेळ हलत असलेले त्यांचे ओठ थांबले. मग आईने माळ त्याच्या हातून घेतली आणि मराठीतून रहस्य पुरे केले.

हा मुलगा धर्मशिक्षणाकडे पाठ फिरवणारा नव्हता. त्याच वर्षीच्या धर्मशिक्षणाच्या परीक्षेत तो आपल्या इयत्तेत पहिला आला होता आणि त्याचे बक्षीस आम्हीच आमच्या हातांनी त्याला दिले होते. सात संस्कार, दहा आज्ञा, मिस्साबलीचे भाग, सारे त्याला तोंडपाठ होते.

परमेश्वराला इंग्रजी कळत नाही, असे आम्हांला म्हणायचे नाही. मराठीत म्हटलेली प्रार्थना अधिक पवित्र असते, असेही नाही. परंतु त्या संध्याकाळी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आणि ती अजून मनातून जात नाही. आजींची श्रद्धा आणि नातवाची श्रद्धा एकाच घरात राहत होत्या, पण त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती. नातवाला श्रद्धा मिळाली होती ती वर्गातून. आजींच्या खाटेपासून त्या वर्गापर्यंत वाटच नव्हती. हा दोष कुणाचा?

पालकांना विचारावे तर ते म्हणतात, "फादर, एवढी चांगली शाळा निवडली, तिथे सिस्टर शिकवतात की." शाळेला विचारावे तर शाळा म्हणते, "आमच्याकडे अभ्यासक्रमाचे ओझे आहे, धर्माचे पाहायला चर्च आहे." आणि आम्ही धर्मगुरू वेदीवरून काय सांगतो? "श्रद्धेचे संस्कार घरातच व्हायला हवेत." तिघेही खरेच बोलतो. पण तिघांच्या मधोमध मूल उभे असते आणि प्रत्येक जण त्याला दुसऱ्याकडे बोट दाखवीत असतो.

मुलाला विचारले कुठे?

या प्रश्नाच्याही आधी दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि हल्ली तो उघडपणे विचारला जातो. स्नानसंस्काराच्या तयारीसाठी आम्ही पालकांना बोलावतो. अशाच एका बैठकीत एका तरुण, सुशिक्षित पित्याने विचारले, "फादर, बाळाला काही कळत नाही. त्याच्या वतीने त्याचा धर्म आपण का ठरवायचा? मोठा होऊ दे, अठरा वर्षांचा झाला की त्याचा तोच ठरवील." बैठकीतील काही जण हसले. आम्हांला मात्र हसू आले नाही. प्रश्न प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही.

विचार करू या. मूल जन्मते, तेव्हा त्याला कोणती भाषा हवी असे आपण विचारीत नाही. अठरा वर्षांपर्यंत त्याच्याशी काहीच न बोलता, मग त्याला जगातील सर्व भाषांची यादी दाखवावी, असे कुणी म्हणत नाही. ज्याला एकही भाषा मिळाली नाही, त्याला पुढे दुसरी भाषा निवडण्याचे स्वातंत्र्यही उरत नाही. आधी कुणीतरी काहीतरी दिलेले असावे लागते, तेव्हाच माणसाला ते पारखता येते, स्वीकारता येते, प्रसंगी नाकारताही येते. श्रद्धेचेही तसेच आहे. शिवाय, घरात धर्माविषयी मौन पाळले म्हणजे मुलाला काहीच शिकवले नाही, असे होत नाही. या गोष्टीवाचून भागते, हे आपण त्याला शिकवलेले असते.

तथापि भाषेचा दाखला काही अंतरापर्यंतच चालतो. श्रद्धा ही अखेर एका व्यक्तीला दिलेला होकार आहे, आणि होकार दुसऱ्याच्या वतीने कायमचा देता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात हेच निक्षून सांगितले : श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही सक्ती होता कामा नये. म्हणून स्नानसंस्कारात दिलेला होकार मुलाला पुढे स्वतः उच्चारावा लागतो. दृढीकरणाच्या वेळी तो उच्चारतो, आणि त्यानंतर आयुष्यभर अनेक वळणांवर त्याला तो पुन्हा पुन्हा उच्चारावा लागतो. आपले काम त्याच्या हाती दिवा देण्याचे. तो पेटता ठेवायचा की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे.

संत ऑगस्टीन यांचे चरित्र या बाबतीत मननीय आहे. आई मोनिका यांनी त्यांना लहानपणीच ख्रिस्ताच्या नावाची ओळख करून दिली, परंतु तत्कालीन प्रथेप्रमाणे स्नानसंस्कार पुढे ढकलला. शिक्षणासाठी ते कार्थेजला गेले आणि तिथे मानी पंथाच्या नादी लागले. आईची श्रद्धा त्यांना अडाण्यांची वाटू लागली. पुढे इ. स. ३८७ च्या पास्काच्या वेळी, वयाच्या तिशीनंतर, मिलान येथे संत अंब्रोज यांच्या हस्ते त्यांचा स्नानसंस्कार झाला. आपल्या आत्मनिवेदनात ते लिहितात की, तारुण्यात सिसेरोच्या ग्रंथाने त्यांना भारून टाकले, तरी त्यात एक उणीव त्यांना सलत राहिली. ज्या नावाची गोडी आईच्या दुधाबरोबर लागली होती, ते नाव त्या ग्रंथात नव्हते. मोनिका यांनी मुलाचा निर्णय घेतला नाही. निर्णयाची वेळ येईल तेव्हा कुठे परतायचे, हे त्याला ठाऊक असावे, एवढी तजवीज मात्र त्यांनी केली.

हे सारे आम्ही त्या तरुण पित्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि बैठक संपल्यावर तो एकटा मागे थांबला. म्हणाला, "फादर, खरे सांगू? मुलाच्या स्वातंत्र्याचे मी जे बोललो, ते अर्धेच होते. माझीच मला खात्री नाही. जे माझ्याजवळ नाही, ते मी त्याला कसे देऊ?" या दुसऱ्या प्रश्नाकडे आम्ही पुढे परत येऊ.

घर : जिथे प्रश्न जन्मतो

जुन्या करारातील निर्गमाच्या पुस्तकात वल्हांडणाचा विधी सांगताना एक सुंदर गोष्ट गृहीत धरली आहे. घरात भोजन चालू असताना मुले विचारतील, हे सगळे कशासाठी? आणि तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांना मुक्ततेची कथा सांगायची. आधी कृती, मग प्रश्न, मग उत्तर. आपल्या धर्मशिक्षणात हा क्रम बहुधा उलटा होतो. मुलाने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आपण त्याच्याकडून पाठ करून घेतो. संध्याकाळी आई दिव्यापाशी गुडघे का टेकते, बाबा जेवणाआधी क्षणभर डोळे का मिटतात, शेजाऱ्याशी झालेले भांडण चाळीसाच्या काळात आजोबा आपणहून जाऊन का मिटवतात, हे पाहिलेले मूलच प्रश्न विचारते. घराचे काम प्रवचन देण्याचे नाही. प्रश्न पडावा असे काहीतरी घरात घडत असले पाहिजे.

घराची ही शक्ती किती मोठी असते, याचे एक उदाहरण आपल्या वसईशी दूरच्या पण खऱ्या नात्याने जोडलेले आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर प्राण दिले. पुढे १६१४ साली जपानच्या राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. शतकाच्या मध्यापर्यंत तिथे एकही धर्मगुरू उरला नाही. चर्च नाही, शाळा नाही, बायबल नाही, मिस्सा नाही. आणि तरीही १७ मार्च १८६५ रोजी, परकीयांसाठी नुकत्याच बांधलेल्या नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावातील काही माणसे आली आणि फादर पेतिजाँ यांच्याजवळ जाऊन, आपलेही हृदय त्यांच्यासारखेच आहे, असे त्यांनी हळूच सांगितले. पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे, हेही त्यांनी विचारले. दोनशेहून अधिक वर्षे आईबापांनी मुलांना आणि मुलांनी नातवंडांना ही श्रद्धा गुपचूप दिली होती. आणि ते चर्च अर्पिले होते त्याच सव्वीस हुतात्म्यांना, ज्यांच्यात आपले गोन्सालो आहेत.

ही कथा सांगून वेदीवरून उतरणे सोपे आहे. पण तिचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. ती श्रद्धा केवळ एकेकट्या घरांनी टिकवली नव्हती. गावोगावी त्यांनी आपापली व्यवस्था लावली होती. एक जण सणांचे पंचांग सांभाळी, एक जण स्नानसंस्कार देई. धर्मगुरू नसतानाही त्यांनी धर्मग्राम मोडू दिले नाही. दुसरे असे की, अर्थ सांगणारे कुणी नसल्याने त्यांच्या लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थनांचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या झिजत गेले आणि अनेकांच्या लेखी ते केवळ पवित्र ध्वनी उरले. १८७३ साली बंदी उठल्यानंतरही त्यांतील काही समूह ख्रिस्तसभेकडे परतले नाहीत. वाडवडिलांनी जे आणि जसे दिले, तसेच ते जपत राहिले. घराने निखारा विझू दिला नाही, हे खरे. पण त्या निखाऱ्यावर फुंकर घालायला घराबाहेरचे कुणीतरी लागते, हेही तितकेच खरे.

शाळा : नुसती पुरत नाही, पण लागते

मग शाळेवर भिस्त ठेवावी काय? आयर्लंडकडे पाहावे. तिथल्या बहुसंख्य प्राथमिक शाळा आजही कॅथॉलिक आश्रयाखाली आहेत आणि तिथे धर्मशिक्षण शाळेच्या वेळातच दिले जाते. सप्टेंबर १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये मिस्साबली अर्पिला, तेव्हा दहा लाखांहून अधिक माणसे लोटली होती. २०१८ साली पोप फ्रान्सिस त्याच मैदानात आले, तेव्हा ती गर्दी कितीतरी ओसरली होती. मधल्या काळात शाळा बंद पडल्या नव्हत्या, पुस्तके संपली नव्हती. याची कारणे अनेक आहेत. पण एक कारण आम्हां धर्मगुरूंना मान खाली घालायला लावणारे आहे. मे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी आयोगाच्या अहवालाने, धर्मसंघांनी चालवलेल्या संस्थांमध्ये मुलांवर झालेले अत्याचार जगापुढे आणले. ज्या हातांनी मूल दुखावले, त्याच हातांनी दिलेली प्रश्नोत्तरे ते कसे स्वीकारणार? मुलाला ख्रिस्त सांगायचा तर आधी त्याला आपल्यापाशी निर्भय वाटले पाहिजे. धर्मशिक्षणाची ही पहिली पायरी आहे, आणि तिच्यावाचून दुसरी पायरीच नाही.

आपल्याकडील शाळांची परिस्थिती निराळी आहे. आपल्या कितीतरी शाळांतून अन्य धर्मांची मुले मोठ्या संख्येने शिकतात, आणि ही आपल्या शाळांची शोभाच आहे. कॅथॉलिक मुले धर्मशिक्षणाला बसतात, तेव्हा इतर मुलांना नीतिशिक्षण दिले जाते. सरकारमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमात म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. मग आठवड्यातील एखाद्या तासाखेरीज अशी शाळा श्रद्धेसाठी करते तरी काय?

आमच्या मते, दोन गोष्टी फक्त शाळाच करू शकते. पहिली, श्रद्धा बुद्धीला घाबरत नाही, हे ती मुलाला दाखवू शकते. जीवशास्त्राच्या तासाला मुले मेंडेलचे वाटाण्यांवरील प्रयोग पाठ करतात. हे ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू होते आणि ते प्रयोग त्यांनी मठाच्याच बागेत केले, हे किती मुलांना ठाऊक असते? विश्व प्रसरण पावत आहे असा सिद्धान्त १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधील धर्मगुरू होते, हे किती शिक्षक सांगतात? मग तोच मुलगा अकरावी-बारावीत गेला की, विज्ञान शिकलेल्याने देव मानू नये, असा त्याचा ग्रह होतो, आणि तो दूर करायला कुणीही जवळ नसते.

दुसरी गोष्ट न्यायाची. फी थकलेल्या मुलाला वर्गात कसे वागवले जाते, झोपडीतून आलेल्या मुलीशेजारी कुणाला बसवले जाते, हुशार मुलाची चूक आणि मंद मुलाची चूक एकाच तराजूत तोलली जाते की नाही, हे मुले टिपत असतात. डोंगरावरील प्रवचन शाळेच्या भिंतीवर रंगवून घेणे सोपे असते. ते शाळेच्या कार्यालयातील खिडकीपाशी दिसले पाहिजे. ते तिथे दिसले, तर कॅथॉलिक मुलाला समजते की घरात ऐकलेले आणि देवळात वाचलेले खरोखर जगता येते. अन्यधर्मीय मुलालाही त्यातून काही मिळते, ते कोणत्या नावाने मिळाले हे त्याला कदाचित कधी कळणारही नाही.

धर्मग्राम : आमची चूक

आता आमच्याविषयी. 'आमच्या' म्हणजे धर्मगुरूंविषयी, आणि धर्मग्राम म्हणून आपणा सर्वांविषयी.

मातापिता हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, आणि त्यांची उणीव भरून काढणे महाकठीण आहे, असे विश्वपरिषदेने शिक्षणाविषयीच्या १९६५ च्या जाहीरनाम्यात सांगितले. त्याआधी, १९६४ साली, तिने कुटुंबाला 'घरगुती ख्रिस्तसभा' म्हटले होते. आम्ही सेमिनरीत हे शिकलो, परीक्षेत लिहिले, आणि धर्मग्रामात आल्यावर नेमके याच्या उलट वागलो. आम्ही इयत्तावार वर्ग काढले, हजेरीची कार्डे छापली, परीक्षा घेतल्या, गुण दिले, बक्षिसे वाटली. यांतील प्रत्येक गोष्ट सद्‌हेतूने केली. धर्मशिक्षकांनी तर पदरमोड करून, रविवारची विश्रांती सोडून हे काम केले. त्यांचे ऋण फिटणारे नाही. पोप फ्रान्सिस यांनी मे २०२१ मध्ये धर्मशिक्षकाच्या कार्याला ख्रिस्तसभेतील अधिकृत सेवापदाचे स्थान दिले, ते उगीच नव्हे. पण या सगळ्या व्यवस्थेतून आम्ही पालकांना न बोलता एक निरोप दिला : हे तज्ज्ञांचे काम आहे, तुम्ही फक्त मूल वेळेवर आणून सोडा.

पालकांनी तो निरोप अगदी बरोबर ऐकला. रविवारी सकाळी देवळाच्या फाटकापाशी आम्ही काय पाहतो? मोटारसायकलवर बसून वर्तमानपत्र वाचणारे वडील. वर्ग सुटला की मुलाला मागे बसवून ते निघतात. आत मिस्साची घंटा वाजत असते. मुलाने वर्गात 'रविवारी मिस्साला जाणे' हे उत्तर लिहिलेले असते आणि वडिलांच्या पाठीला धरून ते घरी चाललेले असते. त्या दोन धड्यांपैकी कोणता त्याच्या ध्यानात राहील? पहिल्या कम्युनियनचे फोटो निघाले की ही मुलेही दिसेनाशी होतात. आम्ही वेदीवरून रागावतो. पण शाळेसारखी व्यवस्था उभारल्यावर, शाळा संपल्यासारखी मुले निघून गेली, तर दोष त्यांचा कसा?

वडिलांनाही बोल लावणे सोपे आहे. वसईकडून चर्चगेटकडे जाणारी पहाटेची लोकल पकडणारा माणूस रात्री नऊला घरी येतो, तेव्हा मूल पेंगत असते. आईही नोकरीला असते. पूर्वी वाडीत रहाटाशेजारी आईबापांच्या आसपास मूल दिवसभर वावरत असे. आता ते आईबापांचे काम पाहत नाही आणि आईबाप त्याचा खेळ पाहत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आपल्या कुटुंबविषयक लेखनात पालकांना एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. आपले मूल या घटकेला कुठे आहे, यापेक्षा आयुष्याच्या वाटेवर ते कुठे आहे, हे जाणून घ्या, असा तिचा आशय आहे. मोबाइलवर पहिली गोष्ट कळते. दुसरीसाठी मुलाशेजारी बसावे लागते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात आम्ही एक लहानसा बदल केला. प्रथम ख्रिस्तशरीर घेणाऱ्या मुलांना क्रूसाची खूण, 'आमच्या बापा', 'नमो मरिया' आणि पश्चात्तापाची प्रार्थना वर्गात शिकवायची नाही, असे ठरवले. या प्रार्थना घरी, घरच्या भाषेत, आईवडिलांनी अथवा आजीआजोबांनी शिकवायच्या आणि मग ठरलेल्या संध्याकाळी सर्वांनी येऊन त्या मुलासह म्हणायच्या. अर्थ सांगण्याचे काम वर्गाचे.

विरोध झाला. "मग तुमचे वर्ग कशाला?" असे एका मातेने रोखठोक विचारले. दोन-तीन कुटुंबांनी आपली मुले शेजारच्या धर्मग्रामात नेली. आमचा निर्णय सर्वस्वी योग्यच होता, असा आमचा दावा नाही. पण एका पित्याने आम्हांला सांगितले की, पश्चात्तापाची प्रार्थना आपण पार विसरलो होतो, हे मुलीला शिकवायला बसल्यावर कळले, आणि शेवटी दोघेही ती आजीकडून शिकले. दुसऱ्या एका मुलाचे वडील व्यसनाधीन, आई दोन ठिकाणी धुणीभांडी करणारी. त्याच्या घरी शिकवणार कोण? घराच्या उणिवेची शिक्षा मुलाने का भोगावी? ही अडचण आम्ही आधी ध्यानात घेतली नव्हती, हे कबूल करतो. शेजारच्या एका वृद्ध मावशींनी त्याला रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून शिकवले आणि ठरलेल्या दिवशी त्याचा हात धरून त्याच देवळात आल्या. त्याची आईही कामावरून थेट आली आणि मागे उभी राहिली. धर्मग्राम म्हणजे काय, हे त्या दिवशी आम्ही त्या मावशींकडून शिकलो. ज्या मुलाचे घर अपुरे पडते, त्याच्यासाठी दुसरे कुणीतरी घर होते. स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममाता, धर्मपिता नेमण्यामागे ख्रिस्तसभेचा हाच विचार आहे. आपण मात्र ते मान आणि आहेर यांपुरते ठेवले आहेत.

जे आपल्याजवळ नाही ते

आता त्या तरुण पित्याचा दुसरा प्रश्न. 'माझीच मला खात्री नाही, मग मुलाला काय देऊ?' अनेक घरांतील मौनाचे खरे कारण हेच आहे, असे आम्हांला वाटू लागले आहे. पालक आळशी नसतात. ते संकोचतात. मुलापुढे गुडघे टेकायचे, तर आपण खरे आहोत ना, अशी त्यांना शंका येते. मग ते हे काम ज्यांची खात्री असेल असे त्यांना वाटते, त्या सिस्टर आणि फादर यांच्याकडे सोपवतात.

मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेला एक पिता आहे. त्याच्याजवळ पुरी श्रद्धा नव्हती. विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, मदत कर, एवढेच तो ओरडून सांगू शकला. येशूने त्याला आधी श्रद्धा पक्की करून ये, असे सांगून परत पाठवले नाही. अर्ध्या श्रद्धेने मुलाला घेऊन आलेल्या त्या बापाचे मूल बरे झाले. आम्ही त्या तरुणाला हीच गोष्ट सांगितली, आणि एक विनंती केली. आपल्याजवळ नसलेली खात्री मुलाला दाखवू नका, ढोंग मुलाला ताबडतोब कळते. पण आपला शोध त्याच्यापासून लपवूही नका. बाबाही देवाला काही विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात, हे मुलाला दिसले, तर तो मोठा ठेवा आहे. पूर्ण श्रद्धा असणाऱ्यांनीच मुलांना श्रद्धा द्यायची म्हटले, तर आम्हां धर्मगुरूंपैकीही किती जण पात्र ठरतील?

त्या बाळाचा स्नानसंस्कार झाला. पिता अजून प्रत्येक रविवारी दिसत नाही. दिसतो तेव्हा बाळ त्याच्याच कडेवर असते.

आणि आता त्या आजींच्या घराविषयी. त्या रात्री आजी देवाघरी गेल्या. महिन्याच्या मिस्सानंतर संध्याकाळी त्यांच्या घरी जपमाळ होती, आम्हांलाही बोलावले होते. पाचवे रहस्य आले. थोरल्या नातवाने माळ घेतली आणि मराठीतून सुरुवात केली. मध्येच दोनदा अडखळला. आत्याने हळूच शब्द सुचवला, तो पुढे गेला. वृद्ध स्त्रियांनी उत्तरार्ध म्हटला. दहा मणी पुरे झाले.

नंतर चहा घेताना आम्ही त्याच्या वडिलांना विचारले, हे त्याला शिकवले कुणी? ते म्हणाले, "फादर, त्यानेच विचारले. आजीच्या मातीनंतर चार दिवसांनी म्हणाला, बाबा, ती कशी म्हणायची ते मला सांगा. मी रात्री कामावरून आलो की आम्ही एकेक ओळ म्हणतो. माझ्याही पुष्कळ दिवसांत सुटले होते."

या वर्षीच्या बक्षीससमारंभात त्याचे नाव नव्हते. परीक्षेच्या दिवशी तो तापाने आजारी होता.